सामुराई नसलेला, डोळ्यांनी न दिसणारा हिरो : झातोइची साकारणारा शिंतारो कात्सू

जपानी तलवारबाजीचे सिनेमे म्हटलं की आपल्याकडे अकिरा कुरोसावा आणि तोशिरो मिफुने हीच नावं निघतात. पण जपानमध्ये एका हिरोने तब्बल 26 सिनेमे आणि टीव्हीचे 100 भाग गाजवले आणि तो सामुराई नव्हताच. गावोगाव फिरून लोकांचं अंग चेपून देणारा, जुगाराचा नाद असलेला तो एक आंधळा मालिशवाला होता. त्याचं नाव झातोइची. त्याला पडद्यावर आणणारा नट म्हणजे शिंतारो कात्सू.

कात्सूचं खरं नाव तोशिओ ओकुमुरा. जन्म 1931 चा, तोक्योतला. वडील नागाउता म्हणजे काबुकी नाटकांसोबतच्या संगीतातले कलावंत. त्यामुळे पोरगाही शामिसेन हे तीन तारांचं वाद्य वाजवतच मोठा झाला. 1954 मध्ये तो दाइएई स्टुडिओत आला. त्याच्याच बरोबर आलेला देखणा राइझो इचिकावा बघता बघता स्टार झाला. गोल चेहऱ्याचा कात्सू मात्र मागेच राहिला.

त्याचं नशीब फिरलं 1960 च्या 'शिरानुई केंग्यो' या सिनेमाने. त्यात त्याने आंधळा माणूस केला, पण तो बिचारा वगैरे अजिबात नव्हता. खून, फसवणूक, बलात्कार करत वर चढणारा अट्टल खलनायक होता.

आता हे केंग्यो काय प्रकरण आहे?

एदो काळात जपानमधल्या अंध पुरुषांचा स्वतःचा संघ होता. मालिश, अॅक्युपंक्चर, संगीत आणि सावकारी हे त्यांचे धंदे. संघात पदव्यांची उतरंड होती. केंग्यो सगळ्यात वर, झातो बराच खाली. 1871 मध्ये मेइजी सरकारने हा संघच मोडला. म्हणजे झातोइची या नावातच त्याची पायरी आहे, झातो दर्जाचा इची.

कान शिमोझावा या लेखकाच्या काही पानांच्या मजकुरावरून केंजी मिसुमीने 1962 मध्ये पहिला 'झातोइची' केला. त्यातला फाशांचा प्रसंग बघाच. इची फासे टाकतो आणि ते वाटीच्या बाहेर पडतात. आंधळ्याला कळलंच नाही असं समजून सगळे समोर दिसणाऱ्या आकड्यांवर पैसे लावतात. मग इची सांगतो, हे तर बाहीतून पडले, खरे फासे वाटीखाली आहेत. इथे त्याला ना दैवी शक्ती लागते, ना तलवार. लोक आंधळ्याला मूर्ख समजतात, एवढंच भांडवल पुरतं.

याच सिनेमात त्याची दोस्ती होते ती क्षयाने खंगलेल्या हिराते या सामुराईशी. दोघं शेजारी बसून मासे धरतात आणि शेवटी एकमेकांसमोर तलवार घेऊन उभे राहतात. मालिकेतला हा सगळ्यात चांगला भाग.

पुढे मात्र गाडी घसरत गेली. इचीच्या काठीतली गुप्ती उलट्या मुठीने फिरू लागली, माणसं डझनांनी पडू लागली. कानांनी सगळं टिपणारा हा गडी माणूस कमी आणि चमत्कार जास्त वाटू लागला. अपंग माणसाला मान हवा तर त्याने धडधाकटांपेक्षा दसपट भारी असावं, अशी ती अट झाली. 1971 च्या भागात समोर आला जिमी वांग यूचा एकहाती चिनी तलवारबाज. दोघांना एकमेकांची भाषा कळत नाही आणि त्यातूनच वैर पेटतं. तिथे अडचण डोळ्यांची किंवा हाताची नव्हतीच.

1967 मध्ये कात्सूने स्वतःची निर्मिती संस्था काढली. माणूस मात्र लहरी. 1979 मध्ये 'कागेमुशा'च्या सेटवर स्वतःचा व्हिडिओ कॅमेरा आणायच्या हट्टावरून कुरोसावाशी वाजलं आणि भूमिका गेली. 1981 मध्ये संस्था बुडाली. 1989 चा शेवटचा 'झातोइची' त्याने स्वतः दिग्दर्शित केला, पण चित्रीकरणात खरी तलवार वापरली गेली आणि एका नटाचा जीव गेला. पुढच्याच वर्षी होनोलुलू विमानतळावर तो अमली पदार्थांसह पकडला गेला. 1997 मध्ये घशाच्या कॅन्सरने तो वारला, तेव्हा वय होतं 65.

ही भूमिका त्याच्यानंतरही डोळस कलाकारांकडेच गेली. 2003 मध्ये ताकेशी कितानोने केस सोनेरी करून झातोइची केला. 2008 च्या 'इची'मध्ये हारुका आयासे आंधळी भटकी गायिका झाली. तिच्या हातात होतं शामिसेन.