श्री संत गाडगे महाराजांची दिनचर्या

श्री संत गाडगे महाराजांचा जन्म दि. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. वडील दारूपायी लवकर गेले. १९०५ साली बाबांनी घरदार सोडले.

अंगावर चिंध्या, हाती खराटा व मातीचे गाडगे, एवढाच त्यांचा संसार. गावात पाऊल पडताच कोणास न विचारता ते रस्ते व गटारे झाडू लागत. काम झाल्यावर भाकरी मागून त्याच गाडग्यात खात आणि रात्री कीर्तनास उभे राहत. कर्ज काढून सण न करणे, नवसाला बकरे न कापणे, शिवाशिव न पाळणे, मुलांना शाळेत घालणे, हाच त्यांचा उपदेश. पंढरीस गेले तरी देवळात शिरण्याऐवजी ते चंद्रभागेचे वाळवंट झाडीत. जीर्णोद्धारास हातभार लावणाऱ्या मंडळींनी हे विशेष ध्यानी घ्यावे.

लोकांच्या पैशातून त्यांनी पंढरपूर, आळंदी, नाशिक येथे धर्मशाळा बांधल्या. स्वतःसाठी मात्र पै घेतली नाही. मुलगा गोविंद वारल्याची वार्ता कीर्तन चालू असताना आली, तरी कीर्तन थांबले नाही.

दि. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीनजीक वलगावजवळ प्रवासातच बाबांनी देह ठेवला.