कागदावरचे सर्च इंजिन : पॉल ऑत्ले

पडद्यावर दोन शब्द टंकित करताच हजारो नोंदी समोर येतात, याचे आता कुणालाही अप्रूप उरलेले नाही. मात्र संगणकाचा जन्मही झालेला नव्हता तेव्हा ब्रसेल्समध्ये हेच काम पोस्टाने येणारी पत्रे आणि कागदी कार्डे यांच्या आधारे चालत असे. तो खटाटोप उभा करणारे पॉल ऑत्ले यांचा जन्म २३ ऑगस्ट १८६८ चा. वडील ट्रामच्या धंद्यात गब्बर झालेले. १८९० मध्ये पॉल यांनी कायद्याची पदवी घेतली खरी, पण वकिलीत त्यांचे मन रमले नाही. वाचकाला अख्खे पुस्तक नको असते, त्यातली नेमकी माहिती हवी असते, हा विचार त्यांना स्वस्थ बसू देईना. आंरी ला फाँतेन (१९१३ चे शांततेच्या नोबेलचे मानकरी) यांच्यासह त्यांनी १८९५ मध्ये आंतरराष्ट्रीय ग्रंथसूची संस्था स्थापली.

प्रत्येक प्रकाशित लेखनाची नोंद एका कार्डावर करायची, असा संकल्प होता. अमेरिकेच्या मेल्विल ड्युई यांची दशांश पद्धत त्यांनी विस्तारली आणि दोन विषयांमधला संबंध दाखवणारी चिन्हे तिच्यात आणली. ऑत्ले यांची खरी प्रतिभा इथे दिसते. १८९६ पासून शुल्क घेऊन पत्रोत्तरी शोधसेवा सुरू झाली. १९१२ पर्यंत वर्षाला दीड हजारांहून अधिक प्रश्न येऊ लागले. उत्तरादाखल पन्नासहून जास्त नोंदी निघण्याची शक्यता असेल तर ग्राहकाला आधीच सावध केले जाई! आजचे सर्च इंजिन संकेतस्थळे धुंडाळून शब्दांची सूची करते आणि कोणते पान कुणी जोडले आहे, अशा खुणांवरून क्रम लावते. ऑत्ले यांच्या कार्यालयात मात्र कोणते लेखन कोणत्या विषयाचे, हे माणूस ठरवीत असे.

पहिल्या महायुद्धात मुलगा गेला. तरीही ज्ञानाच्या देवाणघेवाणीतून राष्ट्रे जवळ येतील, ही त्यांची श्रद्धा ढळली नाही. युद्धानंतर ब्रसेल्समधील सरकारी वास्तूत त्यांनी ‘मुंडानेयम’ थाटले. कार्डांची संख्या दीड कोटींवर गेली. दूरध्वनीवरून प्रश्न विचारावा आणि पान घरातल्या पडद्यावर उमटावे, ही कल्पना त्यांनी १९३४ च्या ग्रंथात मांडली. दैव असे, की त्याच वर्षी सरकारने मुंडानेयमला टाळे ठोकले. त्यांची निवड माणसांच्या हातांवर आणि इमारत सरकारच्या मर्जीवर अवलंबून होती. यातली दुसरी गोष्टच घातक ठरली. १९४० मध्ये जर्मन फौजांनी कलाप्रदर्शनासाठी जागा रिकामी केली, तेव्हा संग्रहाचा मोठा भाग नष्ट झाला.

१० डिसेंबर १९४४ रोजी ऑत्ले निवर्तले. त्यांचे नाव पुढे बराच काळ मोजक्या ग्रंथपालांपुरतेच उरले. वाचलेली कार्डे १९९८ मध्ये माँस येथील संग्रहालयात मांडली गेली. २०१३ मध्ये युनेस्कोने या सूचीला जागतिक स्मृतिठेव्यात स्थान दिले.