धनंजयराव गाडगीळ : मोजून बोलणारा अर्थशास्त्रज्ञ

गणितात गती आहे, परंतु अभियांत्रिकीकडे ओढा नाही, अशा मुलामुलींच्या पालकांपुढे अलीकडे संख्यात्मक अर्थशास्त्राच्या पदवीचा पर्याय वारंवार येतो. त्यापाठोपाठ, ही पदवी घेऊन पुढे करायचे काय, हा प्रश्नही येतोच. तांबरमला आम्हां मराठी कुटुंबांच्या बैठकीत तो दरवर्षी निघतो. मद्रास ख्रिश्चन कॉलेज १९३७ पासून याच गावात असल्यामुळे मुले अर्थशास्त्राच्या वर्गापर्यंत सहज पोहोचतात, वडीलधारी मंडळी मात्र साशंक राहतात. शाळेच्या हीरकमहोत्सवी ग्रंथासाठी लिहिताना म्हणूनच धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचे चरित्र समोर ठेवावेसे वाटले.

धनंजयरावांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिक येथे झाला. शालेय शिक्षण नागपूरच्या पटवर्धन हायस्कुलात झाले. पुढे ते केंब्रिजला गेले. तेथे त्यांनी लिहिलेला प्रबंध भारतातील उद्योगधंद्यांच्या अर्वाचीन वाटचालीवर होता. १९२४ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, तेव्हा लेखकाचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते. कारागिरांचे व्यवसाय का बसले, रेल्वेने खेड्याचे काय केले, गिरण्या कोठे उभ्या राहिल्या, याची मांडणी त्यांनी सरकारी अहवालांच्या आधारे केली. हे पुस्तक पुढे अनेक दशके महाविद्यालयांतून वाचले गेले. त्यात समीकरणे नाहीत. जो केवळ गणिताच्या बळावर या विद्येत उतरू पाहतो, त्याने हे ध्यानात घ्यावे.

स्वदेशी परतल्यावर मुंबई सरकारच्या अर्थखात्यात अल्पकाळ नोकरी आणि नंतर सुरतेच्या महाविद्यालयाचे प्राचार्यपद, असा क्रम झाला. प्रतिष्ठेची, स्थिर वाट हाती होती. तथापि १९३० साली साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून पुण्यात गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था उभी राहिली आणि धनंजयराव तिचे पहिले संचालक झाले. नवी, लहान संस्था. तिचे पुढे काय होणार हे कोणासच ठाऊक नव्हते. तेथे ते छत्तीस वर्षे, १९६६ पर्यंत राहिले.

खेड्यात जाऊन अर्थशास्त्र शिकण्याची कल्पना त्यापूर्वी मद्रासेत रुजली होती. मद्रास विद्यापीठातील प्राध्यापक गिल्बर्ट स्लेटर यांनी १९१६ च्या सुमारास विद्यार्थ्यांना खेड्यांच्या पाहणीस लावले आणि ते काम १९१८ मध्ये प्रसिद्ध झाले. धनंजयरावांनी मात्र पाहणी हेच संस्थेचे नित्यकर्म केले. पुण्यातील फळांचा बाजार, सहा जिल्ह्यांतील मोटारबस वाहतूक, वाई तालुक्यातील शेतीचा जमाखर्च असे विषय त्यांनी घेतले. पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी १९४५ आणि १९५२ साली दोन भागांत प्रसिद्ध झाली. विषय साधे वाटतात. पण कोणती घरे निवडायची, किती निवडायची, प्रश्न कसा विचारला म्हणजे उत्तर खरे मिळेल, आणि निवडलेल्या घरांवरून साऱ्या शहराविषयी किती खात्रीने बोलता येईल, हे ठरवणे सोपे नाही. पदवीच्या अभ्यासक्रमात संभाव्यता आणि संख्याशास्त्र असते ते याचसाठी. १९४५ मध्ये वि. म. दांडेकर संस्थेत आले आणि या बाजूस भक्कम बळ मिळाले.

गोदावरी व प्रवरा कालव्यांची पाहणी (१९४८) मला त्यांच्या कामात सर्वांत मोलाची वाटते. पाटबंधाऱ्यावर झालेला खर्च पाणीपट्टीतून किती वसूल होतो, एवढेच सरकार पाहत असे. पाणी आल्याने पीक किती बदलले, मजुरांस काम किती मिळाले, भोवतीचा व्यापार किती वाढला, हा अप्रत्यक्ष लाभ धनंजयरावांनी हिशेबात आणला. आणि मग, अभ्यासकांच्या बाबतीत क्वचितच घडते ते घडले. त्याच प्रवराकाठी लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभारीत होते. त्याचे अध्यक्षपद धनंजयरावांनी पत्करले. ज्या प्रदेशाचे आकडे मांडले, तेथेच भागभांडवल, कर्ज आणि उसाच्या दराची जबाबदारी अंगावर घेतली. आकडा चुकला असता तर त्याची झळ शेतकऱ्यांच्या घरापर्यंत पोहोचली असती.

१९४९ साली नेमलेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितीत प्रशांतचंद्र महालनोबिस आणि व्ही. के. आर. व्ही. राव यांच्यासमवेत ते सदस्य होते. पुढे राज्यसभेचे सदस्यत्व आले आणि १९६७ मध्ये ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले.

तोवर केंद्राची योजना-मदत राज्यांना मिळे ती बरीचशी एकेका योजनेनुसार आणि वाटाघाटींवर. चौथ्या योजनेसाठी १९६९ मध्ये ठरलेले सूत्र त्यांच्याच नावाने ओळखले जाते. आसाम, नागालँड व जम्मू-काश्मीर यांची गरज प्रथम बाजूला काढून उरलेल्या रकमेपैकी साठ टक्के लोकसंख्येनुसार वाटायचे. सरासरीहून कमी दरडोई उत्पन्नाच्या राज्यांसाठी दहा टक्के, करवसुलीच्या प्रयत्नासाठी दहा, चालू असलेल्या मोठ्या पाटबंधारे व वीज प्रकल्पांसाठी दहा आणि विशेष अडचणींसाठी दहा. म्हणजे देशाच्या लोकसंख्येचा दहावा हिस्सा असलेल्या राज्यास शंभर रुपयांतून पहिल्या निकषावर सहा रुपये, मुख्यमंत्री कोणीही असो. महाराष्ट्राचे दरडोई उत्पन्न सरासरीहून अधिक असल्याने गरीब राज्यांसाठीच्या दहा टक्क्यांत त्यांच्या स्वतःच्या प्रांतास काहीच नव्हते. गरीब राज्यांना दहा टक्के अपुरे, अशी टीका झाली आणि ती रास्तच होती. १९८० मध्ये तो वाटा वीस टक्के झाला. परंतु वाद आता कोणाचा वशिला मोठा यावर न होता कोणत्या निकषास किती भार द्यावा यावर होऊ लागला.

१९६९ सालीच त्यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने बँकांनी क्षेत्र वाटून घेऊन काम करावे असे सुचवले. जिल्ह्याजिल्ह्यातील अग्रणी बँक योजनेचा उगम तेथे आहे.

आज या विद्येच्या विद्यार्थ्यास भारतीय आर्थिक सेवा, रिझर्व्ह बँक, विमा, बँका, संशोधनसंस्था अशी क्षेत्रे खुली आहेत. कलनशास्त्र आणि संख्याशास्त्र पक्के असावे, हे सर्वच सांगतात. निदान एका सुट्टीत एखाद्या बाजारपेठेचा किंवा गावाचा जमाखर्च स्वतः फिरून गोळा करावा, अशी माझी त्यात भर.

३ मे १९७१ रोजी, आयोगाचे काम संपवून दिल्लीहून पुण्यास परतत असताना, आगगाडीतच धनंजयरावांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांच्या संस्थेतील दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्याचे मोजमाप करणारा अभ्यास प्रसिद्ध झाला.