विश्लेषण : माळ्यावरच्या खोलीत घुमला रेडिओचा आवाज, श्रेय मात्र कोर्टाने दुसऱ्याला दिलं! कोण होते एडविन आर्मस्ट्राँग?

हिंगोली जिल्ह्यातल्या नरसी नामदेवमध्ये परतवारी एकादशीला पाय ठेवायला जागा नसते. कीर्तन रंगात येतं आणि नेमका तेव्हाच माइक कर्कश शिट्टी मारतो. साउंडवाला धावत जाऊन बटण मागे फिरवतो, महाराज क्षणभर थांबतात, मग पुढे सुरू.

हीच शिट्टी मला घरच्या टेबलावर भेटली. नरसीत सुट्टीवर असताना मी मोबाइलसाठी हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर बनवला होता. एक ऑप-अ‍ॅम्प चिप, ९ व्होल्टची बॅटरी, चार-सहा रेझिस्टर आणि कपॅसिटर. पेटी म्हणून आजीचा रिकामा स्टीलचा डबा. चालू करताच कानात कूंऽऽ! शंभर वर्षांपूर्वी अशाच शिट्टीवरून दोन माणसं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडली होती. त्यातल्या एकाची ही गोष्ट.

ही शिट्टी येते कुठून?

माइकमध्ये आलेला आवाज अ‍ॅम्प्लिफायर मोठा करतो आणि तो स्पीकरमधून बाहेर पडतो. त्यातला थोडा पुन्हा माइकमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होतो, पुन्हा शिरतो. याला फीडबॅक म्हणतात. माझ्या डब्यात आत येणारी आणि बाहेर जाणारी वायर एकमेकींना चिकटून होत्या, त्यामुळे तेच घडत होतं. वायर दोन बाजूंना केल्या, डब्याचं धातूचं अंग सर्किटच्या ग्राउंडला जोडलं आणि शिट्टी बंद झाली. (बॅटरीला चिकटपट्टी गुंडाळायला विसरू नका, स्टीलच्या डब्यात शॉर्ट व्हायला वेळ लागत नाही.)

मी शिट्टी घालवली. आर्मस्ट्राँग यांनी तिला कामाला लावलं.

माळ्यावर नेमकं काय घडलं?

एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग यांचा जन्म १८ डिसेंबर १८९० रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. वडील ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या अमेरिकेतल्या शाखेत होते, आई शिक्षिका. लहानपणी त्यांना कंपवातासारखा आजार झाला. त्यातून ते बरे झाले, पण ताण आला की खांदा आणि चेहरा झटके देई. ती खूण जन्मभर राहिली. पुढे कुटुंब जवळच्या याँकर्स गावात राहायला गेलं आणि मुलाला वरच्या माळ्यावरची खोली मिळाली. त्या खोलीत वायर, बॅटऱ्या आणि कॉइल साचत गेल्या. अँटेनासाठी त्यांनी अंगणात १२५ फूट उंच खांब उभा केला आणि दोरीच्या झुल्यावर बसून स्वतःच वर चढले. उंचीची भीती त्यांना कधीच नव्हती.

तेव्हाचा रेडिओ म्हणजे कानाला हेडफोन दाबून, श्वास रोखून ऐकायचा बारीक खरखराट. ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये 'ऑडिऑन' नावाचा काचेचा बल्ब बनवला होता. त्यात तापणारी तार, मधे जाळी आणि पलीकडे धातूची पट्टी. बल्ब चालत होता, पण तो का चालतो हे खुद्द डी फॉरेस्ट यांनाही नीट सांगता येत नव्हतं. कोलंबिया विद्यापीठात इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंग शिकणाऱ्या आर्मस्ट्राँग यांनी हा बल्ब मिळवला आणि त्यात प्रवाह नेमका कसा वाहतो हे मोजत बसले.

सप्टेंबर १९१२ मध्ये त्यांनी पट्टीकडून निघणारा सिग्नल कॉइलमधून पुन्हा जाळीकडे वळवला. तोच सिग्नल त्याच बल्बमधून वारंवार फिरून वाढत गेला. हेडफोन कानावरून काढून टेबलावर ठेवले तरी खोलीभर आवाज! मध्यरात्र उलटून गेली होती, तरी त्यांनी धाकट्या बहिणीला उठवून ही बातमी सांगितली. फीडबॅक आणखी वाढवला की बल्ब स्वतःच रेडिओ लहरी तयार करू लागतो, हेही त्यांच्या लक्षात आलं. म्हणजे एकच बल्ब रिसीव्हरही आणि ट्रान्समीटरही. मोबाइलमधला सिग्नलही शेवटी अशाच ऑसिलेटरवर चालतो.

मग पेटंट लगेच का घेतलं नाही?

पैसे नव्हते. वडिलांचं म्हणणं साधं होतं: आधी पदवी, मग बाकीचं. इंजिनीअरिंगच्या कोणत्याही विद्यार्थ्याला हे ओळखीचं वाटेल. मामांनी सल्ला दिला की निदान आकृती तरी नोटरी करून ठेव. ३१ जानेवारी १९१३ रोजी ती नोटरी झाली. पेटंटचा अर्ज गेला पदवीनंतर, ऑक्टोबर १९१३ मध्ये. पेटंट मिळालं १९१४ मध्ये.

त्याआधी कंपन्यांना प्रयोग दाखवताना आर्मस्ट्राँग सर्किट पेटीत बंद ठेवत. ऐका, पण आत डोकावू नका! जानेवारी १९१४ मध्ये न्यूजर्सीच्या किनाऱ्यावर, गोठवणाऱ्या थंडीत, मार्कोनी कंपनीच्या डेव्हिड सार्नॉफ यांनी त्या पेटीतून आयर्लंड आणि होनोलुलूचे सिग्नल ऐकले. दोघांची मैत्री जमली. हे नाव लक्षात ठेवा.

कोर्टात काय झालं?

डी फॉरेस्ट यांनी नंतर दावा केला की हा शोध आपलाच. पुरावा होता ऑगस्ट १९१२ ची एक नोंद. त्यांच्या सहाय्यकाने टेलिफोनच्या अ‍ॅम्प्लिफायरवर काम करताना एक शिट्टी ऐकली होती आणि ती वहीत लिहून ठेवली होती. तिचा वापर करण्याऐवजी ती टाळायची कशी, हीच त्यांची चिंता होती. नरसीच्या साउंडवाल्यासारखी, आणि माझ्यासारखीही.

सुरुवातीला निकाल आर्मस्ट्राँग यांच्या बाजूने लागला. तिथेच प्रकरण मिटलं असतं. पण प्रतिस्पर्ध्याचा कोर्टखर्च माफ करायला त्यांनी नकार दिला, खटला रेंगाळला आणि डी फॉरेस्ट यांना पुन्हा उभं राहायला वेळ मिळाला. माझ्या मते इथे त्यांचा हट्टच त्यांना नडला. १९३४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अखेरचा निकाल डी फॉरेस्ट यांच्या बाजूने दिला. कानाला ऐकू येणारी शिट्टी आणि रेडिओ लहरी मुद्दाम पोसणारं सर्किट यांतला फरक इंजिनीअरांना दिसत होता, न्यायालयाला दिसला नाही.

या शोधासाठी रेडिओ इंजिनीअरांच्या संस्थेने आर्मस्ट्राँग यांना आधीच पदक दिलं होतं. निकालानंतर ते पदक परत करायला संस्थेच्या अधिवेशनात गेले. संस्थेने ते घेतलं नाही. सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत राहिलं.

एफएमशी त्यांचा संबंध काय?

पहिल्या महायुद्धात पॅरिसमध्ये असताना त्यांनी सुपरहेटरोडाइन रिसीव्हर तयार केला. पुढची अनेक दशकं घराघरांतले रेडिओ याच तत्त्वावर चालले. १९२३ मध्ये त्यांनी सार्नॉफ यांच्या सेक्रेटरी मॅरियन मॅकइनिस यांच्याशी लग्न केलं आणि भेट म्हणून स्वतः बनवलेला पोर्टेबल रेडिओ दिला.

आर्मस्ट्राँग यांना १९३३ मध्ये एफएमची पेटंटं मिळाली. वीज कडाडली की जुन्या रेडिओत खरखर येई, कारण तिथे आवाज लहरीच्या उंचीत साठवलेला असतो आणि वीज तीच उंची बिघडवते. आर्मस्ट्राँग यांनी आवाज लहरीच्या वारंवारितेत साठवला. फोनमध्ये एफएम लावताना इअरफोनची वायर जोडावी लागते, कारण तीच अँटेना असते. ती वायर आजही त्यांचं तंत्र पकडते.

सार्नॉफ तोवर आरसीए कंपनीचे प्रमुख झाले होते आणि त्यांचं लक्ष टीव्हीकडे होतं. एम्पायर स्टेट इमारतीवरची एफएमची यंत्रणा आर्मस्ट्राँग यांना हलवावी लागली. मग त्यांनी स्वतःच्या पैशाने न्यूजर्सीत ४०० फुटांहून उंच मनोरा बांधला. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी एफएमची पेटंटं लष्कराला रॉयल्टी न घेता वापरू दिली. १९४५ मध्ये सरकारने एफएमचा पट्टा बदलून ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर नेला आणि लोकांच्या घरचे जुने एफएम सेट एका फटक्यात निकामी झाले.

शेवट कसा झाला?

१९४८ मध्ये आर्मस्ट्राँग यांनी आरसीएवर पेटंटभंगाचा दावा ठोकला. जुना मित्रच आता समोर होता. कंपनीच्या वकिलांकडे वेळ भरपूर होता. आर्मस्ट्राँग यांचे पैसे आणि पेटंटची मुदत दोन्ही संपत चालले होते. घरातही भांडणं झाली आणि १९५३ च्या अखेरीस मॅरियन बहिणीकडे निघून गेल्या. ३१ जानेवारी १९५४ च्या रात्री आर्मस्ट्राँग यांनी आपलं आयुष्य संपवलं. आकृती नोटरी केली तीही ३१ जानेवारीच होती. वय ६३.

मॅरियन यांनी खटले सोडले नाहीत. त्याच वर्षी आरसीएने सुमारे १० लाख डॉलर देऊन तडजोड केली. त्यानंतर त्या एकेका कंपनीविरुद्ध लढत आणि जिंकत राहिल्या. मोटोरोलाविरुद्धचा शेवटचा खटला त्यांनी जिंकला तेव्हा १९६७ साल उजाडलं होतं.