थॅकरे : विडंबनाचा बाण उलटला तेव्हा

व्हिक्टोरिया राणीच्या काळात विल्यम मेकपीस थॅकरे यांच्या लेखणीची धास्ती अनेक इंग्रज कादंबरीकारांना होती. दुसऱ्याच्या शैलीचे हुबेहूब सोंग वठवून तिच्यातील पोकळपणा उघडा पाडण्यात त्यांचा हातखंडा होता. मात्र हाच बाण स्वतःवर उलटला, तेव्हा तो हसून सोडून देणे त्यांना जमले नाही.

थॅकरे यांचा जन्म १८ जुलै १८११ रोजी कोलकात्यात झाला. ईस्ट इंडिया कंपनीत अधिकारी असलेले वडील १८१५ मध्ये निवर्तले आणि लहानग्या विल्यमची रवानगी इंग्लंडला झाली. पुढे त्यांनी पदवी न घेताच केंब्रिज सोडले. जुगार आणि कोलकात्यातील पेढ्यांचे दिवाळे यांत वडिलोपार्जित संपत्ती गेली. १८३६ मध्ये 'पिकविक पेपर्स'च्या चित्रकाराने आत्महत्या केली, तेव्हा थॅकरे आपल्या चित्रांचे नमुने घेऊन चार्ल्स डिकन्स यांच्याकडे गेले. वयाने धाकट्या, पण कीर्तीच्या पायऱ्या झपाट्याने चढणाऱ्या डिकन्स यांनी ते काम दुसऱ्याला दिले. १८४० मध्ये पत्नीला मानसिक आजाराने ग्रासले. दोन मुलींचा भार वाहताना नियतकालिकांतील लेखन हाच त्यांचा आधार होता.

गुन्हेगारांना नायक बनवणाऱ्या लोकप्रिय कादंबऱ्यांची त्यांना चीड होती. ती त्यांनी 'कॅथरिन' या कथेतून १८३९-४० मध्ये व्यक्त केली. १८४७ मध्ये 'पंच' साप्ताहिकातून त्यांनी नामवंत कादंबरीकारांच्या विडंबनांची मालिकाच चालवली. एडवर्ड बुल्वर-लिटन यांची शब्दबंबाळ तत्त्वचर्चा, बेंजामिन डिझरायली यांचा भपका, चार्ल्स लिव्हर यांची लष्करी बढाईखोरी यांपैकी काहीच सुटले नाही. या मालिकेत डिकन्स मात्र नव्हते. त्याच वर्षी 'व्हॅनिटी फेअर' क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली आणि थॅकरे यांची तुलना थेट डिकन्स यांच्याशी होऊ लागली. दुखावलेल्या लिव्हर यांनी 'रोलँड कॅशेल' या कादंबरीत थॅकरे यांच्यावर बेतलेले पात्र रंगवून परतफेड केली. बुल्वर-लिटन यांच्यावर तरुणपणी केलेल्या टीकेबद्दल थॅकरे यांनी पुढे स्वतःच खेद व्यक्त केला.

खरी कसोटी १८५८ मध्ये लागली. एडमंड येट्स या तरुण पत्रकाराने जूनमध्ये 'टाउन टॉक' या पत्रात थॅकरे यांचे बोचरे शब्दचित्र छापले. त्यांचे रूप, वागणे, अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये श्रोते पाहून बदलणारा व्याख्यानांचा सूर यांवर त्यात शेरे होते. दोघेही लंडनच्या गॅरिक क्लबचे सभासद होते. क्लबातील भेटीगाठींवर असे लेखन बेतणे गैर आहे, अशी तक्रार थॅकरे यांनी समितीकडे केली. थॅकरे यांनीही पूर्वी क्लबातील मंडळींची टिंगल छापली होती, याची आठवण करून देणारे उत्तर येट्स यांनी लिहिले होते. डिकन्स यांच्या सल्ल्यावरून ते पाठवले गेले नाही. अखेर येट्स यांना क्लबातून काढण्यात आले.

डिकन्स उघडपणे येट्स यांच्या बाजूने उभे राहिले. त्यामागे आणखी एक सल होता. त्याच सुमारास डिकन्स पत्नीपासून विभक्त झाले होते. क्लबात त्यांच्या मेहुणीचे नाव घेतले जात असताना, तसे नसून प्रकरण एका अभिनेत्रीचे आहे, असे थॅकरे बोलून गेले होते. अफवा खोडण्यासाठी काढलेले हे शब्द डिकन्स यांना झोंबले. डिकन्स यांनी पुढे केलेला मध्यस्थीचा प्रस्तावही थॅकरे यांनी स्वीकारला नाही. दोघांमधील संबंध जवळपास पाच वर्षे तुटले.

१८६३ च्या अखेरीस अथेनियम क्लबात दोघांची गाठ पडली आणि हस्तांदोलनाने अबोला संपला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २४ डिसेंबरला, वयाच्या ५२ व्या वर्षी थॅकरे यांचे निधन झाले. केन्सल ग्रीन येथील अंत्यविधीला डिकन्स हजर होते. थॅकरे यांनीच नावारूपाला आणलेल्या 'कॉर्नहिल' मासिकात फेब्रुवारी १८६४ मध्ये डिकन्स यांनी श्रद्धांजली लिहिली. आपल्या कलेला कमी लेखण्याचा आव थॅकरे आणत, हा मतभेदही त्यांनी त्यात नोंदवला.

डिझरायली यांनी मात्र तब्बल ३३ वर्षे वाट पाहिली. दोनदा पंतप्रधानपद भूषवून झाल्यावर १८८० मध्ये आलेल्या 'एंडिमियन' कादंबरीत त्यांनी मत्सरी लेखक सेंट बार्बच्या रूपाने थॅकरे यांचे व्यंगचित्र रेखाटले. त्याला उत्तर द्यायला थॅकरे हयात नव्हते.