देवासचे भक्तनरेश श्रीमंत तुकोजीराव पवार

माळव्याच्या पठारावर, चामुंडामातेच्या टेकडीच्या पायथ्याशी देवास वसलेले आहे. पहिल्या बाजीराव पेशव्यांच्या काळी मराठी फौजा नर्मदा ओलांडून माळव्यात उतरल्या, तेव्हा पवार घराण्याची एक शाखा धार येथे स्थिरावली आणि दुसऱ्या शाखेतील तुकोजी व जिवाजी या दोघा बंधूंनी देवास येथे आपले ठाणे केले. बंधूंनी राज्य वाटून घेतले. गाव मात्र एकच राहिले. त्यामुळे थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन संस्थाने, दोन राजवाडे आणि दोन दरबार एकाच वेशीच्या आत नांदू लागले. थोरल्या पातीचा मुलूख जेमतेम साडेचारशे चौरस मैलांचा, प्रजा पाऊण लाखाच्या आसपास. एवढ्याशा संस्थानाच्या ज्या अधिपतीचे नाव सातासमुद्रांपलीकडे गेले, ते श्रीमंत सर तुकोजीराव पवार, तिसरे.

त्यांच्या आयुष्याचा शेवट ज्या प्रकारे झाला तो समजण्यासाठी धारच्या भाऊबंदांची एक जुनी हकीकत ध्यानी घ्यावी लागते. १८५७ साली धारचे आनंदराव पवार अज्ञान होते. दरबारने ठेवलेल्या विलायती व मकराणी शिपायांनी बंड केले आणि किल्ला बळकावला. कर्नल ड्यूरंड यांनी त्या वर्षीच्या ऑक्टोबरात वेढा घालून किल्ला घेतला आणि शिपायांच्या अपराधाबद्दल अजाण राजाचे राज्यच खालसा करण्यात आले. पुढे इंग्लंडातही या अन्यायाविरुद्ध आवाज उठला. १८६० मध्ये संस्थान परत देण्याचे ठरले, तरी बैरसियाचा परगणा भोपाळच्या बेगमेस गेला तो गेलाच. राज्य सरकारच्या मर्जीवर आहे, हा धडा माळव्यातील पवारांनी त्या वेळीच घेतला.

तुकोजीरावांचा जन्म १ जानेवारी १८८८ रोजी झाला आणि १८९९ मध्ये चुलते कृष्णाजीराव निवर्तल्यावर अकराव्या वर्षी ते गादीवर आले. राजपुत्रांसाठी सरकारने काढलेल्या विद्यालयांत त्यांचे शिक्षण झाले. १९०७ मध्ये माल्कम डार्लिंग हे तरुण मुलकी अधिकारी त्यांचे शिक्षक म्हणून देवासला आले. शिक्षक-शिष्यांचा हा संबंध पुढे आजन्म मैत्रीत परिणत झाला. राज्याचा कारभार हाती आल्यावर महाराजांच्या मनमिळाऊ स्वभावाने व तरल बुद्धीने सरकारदरबारीही त्यांचा लौकिक वाढला. त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली आणि १९१८ मध्ये ‘महाराजा’ हा वंशपरंपरागत किताबही प्राप्त झाला. त्या काळी इंदूरच्या एजन्सीला देवासच्या राजाविषयी तक्रार नव्हती.

महाराजांचे खरे मन मात्र दरबारात नव्हते. ते श्रीकृष्णचरणी होते, आणि वर्षातून एकदा, गोकुळअष्टमीच्या उत्सवात, ते सर्वांना दिसे. जुन्या राजवाड्यात आठ दिवस उत्सव चाले. त्या काळात महाराज नवा वाडा सोडून तेथेच मुक्कामास जात. भजनी मंडळी पाळीपाळीने अहोरात्र गात, एकाच वेळी निरनिराळी वाद्ये वाजत, फुलांचे व गुलालाचे थर साचत; आणि या गर्दीत राज्याचा धनी अनवाणी पायांनी, हातात टाळ घेऊन, मूर्तीपुढे देहभान विसरून नाचे. जन्माचा क्षण आला की राजा आणि सेवक हा भेद उरत नसे. अखेरीस मातीचे चिमुकले गोकुळ मिरवीत तळ्यावर नेऊन बुडवीत. १९२१ च्या उत्सवास महाराजांचे तात्पुरते खाजगी चिटणीस म्हणून आलेले इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर उपस्थित होते. त्यांना तो सारा गोंधळ प्रथम बेढब वाटला. पण नाचणाऱ्या राजाच्या मुखावरील आनंद खरा आहे, याविषयी त्यांना शंका उरली नाही. १९२४ च्या त्यांच्या सुप्रसिद्ध कादंबरीतील अखेरचा भाग या उत्सवातून उतरला, आणि १९५३ साली देवासवर त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्यांच्या लेखी महाराज संतपदाच्या अगदी जवळ होते.

भक्तीचा हा प्रकाश घरात व कचेरीत मात्र पोहोचला नाही, हे सांगितल्यावाचून चरित्र प्रामाणिक होणार नाही. १९०८ मध्ये कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींची कन्या राधाबाई ऊर्फ आक्कासाहेब यांच्याशी महाराजांचा विवाह झाला. १९१० मध्ये विक्रमसिंह हे पुत्ररत्न झाले. परंतु पतिपत्नींचे पटले नाही आणि राणीसाहेब माहेरी निघून गेल्या. भक्तचरित्रे लिहिणाऱ्यांच्या लेखणीला अशा स्त्रियांचे दुःख सहसा दिसत नाही. दुसरीकडे नवा वाडा बांधून पुरा होण्याआधीच जुना होत चालला होता, खजिना रिकामा होत होता आणि कर्ज वाढत होते. देवापुढे नाचणाऱ्या राजाला हिशेबाच्या वह्यांचे वावडे असावे, हे प्रजेला परवडणारे नव्हते. कारण उत्सवाचा आणि वाड्याचा पैसा शेवटी माळव्यातील शेतकऱ्याच्याच घामाचा.

१९२७ च्या अखेरीस युवराज विक्रमसिंह एकाएकी देवास सोडून गेले आणि पित्यापासून आपल्या जिवाला धोका आहे अशी फिर्याद त्यांनी सरकारकडे केली. पिता-पुत्रांतील बेबनाव सर्वत्र चघळला जाऊ लागला. काळही प्रतिकूल होता. १९२३ मध्ये नाभाचे नरेश व १९२६ मध्ये शेजारच्या इंदूरचे होळकर यांना गादी सोडावी लागली होती. मार्च १९२६ मध्ये लॉर्ड रीडिंग यांनी निजामास पत्र लिहून सार्वभौम सत्तेचा अधिकार केवळ करारांवर अवलंबून नाही, असे बजावले होते. त्याचा अर्थ प्रत्येक लहान राजाला कळला होता. तुकोजीरावांविषयी पोलिटिकल खात्याचे मत आता पालटले. कालपर्यंत जो गुणी व उमदा होता, तो आता संशयास्पद ठरला. कर्ज व गैरव्यवस्था या रास्त तक्रारी होत्या. त्यांची चौकशी करण्याचा अधिकार कोणी नाकारला नसता. पण त्या चौकशीत एका राजाच्या संसाराचा, मनाचा व शीलाचा निवाडा करण्याची गुर्मी मिसळली, आणि तो निवाडा करणाऱ्यांना स्वतः कोणापुढे जाब द्यावा लागत नव्हता. ज्या प्रजेच्या नावाने हे सारे चालले, तिला तर कोणीच विचारले नाही. ना राजाने, ना सरकारने.

१९३३ मध्ये महाराज तीर्थयात्रेचे निमित्त करून दक्षिणेस निघाले आणि पाँडिचेरीस पोहोचले. ते गाव फ्रेंचांचे; ब्रिटिश सरकारचा हुकूम तेथे चालत नव्हता. १९१० पासून श्रीअरविंद याच कारणाने तेथे येऊन राहिले होते. परत या, अन्यथा अधिकार जातील, असे सरकारने कळविले. महाराज परतले नाहीत, आणि पुढील वर्षी सरकारने देवासचा कारभार आपल्या हाती घेतला. राजाने प्रजेला असे निराधार सोडावे हे काही भूषणावह नव्हे. पण आपल्याला न्याय मिळेल असे त्यांना वाटले नाही, यातही नवल नव्हते. हातात पैसा नाही, राज्य नाही, जुने मित्र दूर, अशा स्थितीत अखेरची वर्षे समुद्रकाठी गेली. २१ डिसेंबर १९३७ रोजी, पन्नाशी पुरी व्हावयास दहा-बारा दिवस उरले असता, त्यांनी तेथेच देह ठेवला.

मागे ज्यांनी फिर्याद केली होती तेच विक्रमसिंह देवासच्या गादीवर आले. १९४७ मध्ये ते आजोळच्या कोल्हापूरच्या गादीवर शहाजी छत्रपती म्हणून गेले आणि देवासची थोरली पाती त्यांचे पुत्र कृष्णाजीराव यांच्याकडे आली. १९४८ साली दोन्ही पात्या मध्यभारतात विलीन झाल्या, आणि सव्वादोनशे वर्षे दोन दरबारांत विभागलेले गाव पुन्हा एक झाले.