लुईजी गॅल्व्हानी: एका देवभीरू वैद्याचे चरित्र

आपल्या माण तालुक्यात पुष्कळ लोक घरात किंवा मेंढवाड्यापाशी जमिनीवरच अंथरूण घालून निजतात. अशा वेळी मण्यार जातीचा साप चावला, तर बहुधा फारशी वेदना होत नाही, सूज येत नाही, व चावल्याची खूण शोधूनही कित्येकदा सापडत नाही. परंतु काही तासांत त्या मनुष्याच्या पापण्या मिटू लागतात, जीभ जड होते, घोट गिळवत नाही, व शेवटी श्वास मंदावतो. आश्चर्य हे की, तो बराच वेळ शुद्धीवर असू शकतो. आप्तांचे रडणे त्यास ऐकू येते. हात उचलावा असे त्याचे मन म्हणते. परंतु हात उचलत नाही. मनाची आज्ञा हाताला का मिळत नाही? आणि निरोगी मनुष्यात ती कशी मिळते? ह्या प्रश्नाचे दार ज्याने उघडले, त्या इटली देशातील वैद्याचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

लुईजी गॅल्व्हानी ह्याचा जन्म ता. ९ सप्टेंबर १७३७ रोजी बोलोन्या नगरात झाला. मठात जाऊन सर्व आयुष्य देवाला वाहावे अशी त्याची तरुणपणी इच्छा होती. परंतु घरच्यांनी त्याचे मन वळविले, व त्याने वैद्यकीचा अभ्यास केला. १७५९ साली तो पदवीधर झाला. १७६२ साली आपल्या गुरूची कन्या लुचिया हिच्याशी त्याने विवाह केला. त्यांस मूलबाळ झाले नाही. लुचिया ही विदुषी असून पतीच्या प्रयोगांत त्याची खरी सोबतीण होती. गॅल्व्हानी विद्यालयात शरीररचना व प्रसूतिशास्त्र शिकवी आणि गोरगरिबांस औषधोपचार करी. तो रोमन मंडळीचा होता, आपण प्रॉटेस्टंट आहो. तथापि देवाचे भय जेथे आढळते तेथे त्याचा आदर करणे आपणांस योग्य आहे.

त्या काळी विद्वानांची समजूत अशी होती की, मज्जातंतू ह्या पोकळ नळ्या असून त्यांतून एक सूक्ष्म द्रव्य वाहते, व त्यामुळे स्नायू फुगून आखडतात. गॅल्व्हानीने ऐकीव गोष्टीवर न विसंबता मेलेल्या बेडकाचे पाय व त्यांचे मज्जातंतू सोडवून कसून परीक्षा आरंभिली. १७८१ साली एके दिवशी जवळच्या विद्युत्यंत्रातून ठिणगी निघाली, व त्याच क्षणी त्याच्या साहाय्यकाच्या चाकूचे टोक बेडकाच्या मज्जातंतूस लागले. तोच मेलेल्या बेडकाचे पाय जोराने झटकले! दुसरा कोणी ही गंमत म्हणून सोडून देता. परंतु ह्याने तोच प्रयोग अनेक वर्षे, अनेक रीतींनी करून पाहिला. १७८६ साली त्यास आढळले की, पितळेच्या आकड्याला अडकविलेले पाय लोखंडी कठड्याला लागताच, ठिणगी नसतानाही आखडतात. प्राण्यांच्या शरीरातच एक प्रकारची वीज असून तीच मज्जातंतूंतून स्नायूंस जाते, असे अनुमान त्याने १७९१ साली लॅटिन भाषेत प्रसिद्ध केले.

पाव्हिया येथील अलेस्सांद्रो व्होल्टा ह्या पंडितास हे पटले नाही. वीज बेडकात नसून दोन निराळ्या धातूंच्या स्पर्शात आहे, असे त्याचे म्हणणे पडले. ह्यावर गॅल्व्हानीने शिव्याशाप न देता नवा प्रयोग पुढे केला. धातू मुळीच न वापरता बेडकाचा मज्जातंतू त्याच्याच स्नायूला लावला, तरी स्नायू आखडला. इकडे व्होल्टाने धातूंच्या चकत्या एकावर एक रचून १८०० साली विजेची पहिली बॅटरी जगापुढे मांडली. दोघांच्याही म्हणण्यात सत्याचा अंश होता. देवाच्या सृष्टीतील सत्य एकाच मनुष्याच्या मुठीत मावत नाही, हा धडा ह्यावरून घेण्याजोगा आहे.

आता त्याच्या आयुष्यातील कठीण प्रसंग सांगावयाचा आहे. १७९६ साली फ्रेंचांच्या फौजा बोलोन्यात शिरल्या, व पुढे तेथे नवे राज्य स्थापन झाले. सर्व अध्यापकांनी त्या राज्याशी एकनिष्ठतेची शपथ घ्यावी असा हुकूम सुटला. ती शपथ आपल्या धर्मास व विवेकास धरून नाही, अशी गॅल्व्हानीची खात्री होती. पुष्कळांनी, पोटासाठी सर्वच करावे लागते असे म्हणून, हात वर केले. गॅल्व्हानीने केला नाही. १७९८ साली त्याचे पद गेले व वेतन बंद झाले. लुचिया तर पूर्वीच निवर्तली होती. साठी ओलांडलेला तो म्हातारा भावाच्या आश्रयाला गेला. त्याच्या कीर्तीकडे पाहून पुढे त्यास पद परत देण्याचे ठरले. परंतु पुन्हा शिकविण्याइतके आयुष्य उरले नव्हते. ता. ४ डिसेंबर १७९८ रोजी तो देवाघरी गेला, व पत्नीशेजारी त्यास मूठमाती देण्यात आली.

त्याने उघडलेल्या दारातून पुढे अनेक जण आत गेले. मेंदूची आज्ञा मज्जारज्जूतून व तेथून मज्जातंतूतून विजेच्या लहरीच्या रूपाने, सेकंदाला सुमारे ५० मीटर वेगाने, स्नायूकडे धावते हे सिद्ध झाले. परंतु मज्जातंतूचे टोक स्नायूला चिकटलेले नसते. मध्ये अतिसूक्ष्म फट असते, व ती लहर ही फट ओलांडीत नाही. नदीच्या काठी जासूद थांबावा व पुढचा निरोप नावाड्याने पैलतीरी न्यावा, तसे तेथे घडते. टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन सुटते, ते स्नायूला जाऊन भिडते, स्नायूत पुन्हा विजेची लहर उठते, आतील बारीक तंतू एकमेकांत सरकतात, व स्नायू आखडतो. लगेच ते रसायन नाहीसे केले जाते, म्हणून स्नायू पुन्हा सैल पडतो. हेन्री डेल व ऑटो लोवी ह्यांस रसायनाच्या ह्या शोधांबद्दल १९३६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मण्यारीचे विष नेमके ह्या उतारावर घाला घालते. ते मज्जातंतूंची टोके निकामी करते. नागाचे विष स्नायूच्या बाजूचा धक्का अडवून धरते. मन जागे, मज्जातंतूत निरोप निघालेला, स्नायू धडधाकट. परंतु मधली नाव बुडालेली! म्हणून सर्पदंश झालेल्यास देवळापुढे निजवून मंत्र घालीत बसणे, किंवा आपणच घरी प्रार्थना करून सकाळची वाट पाहणे, ही दोन्ही घातक होत. प्रार्थना अवश्य करावी, पण गाडीत बसून करावी. रोग्यास हालू न देता तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे. तेथे प्रतिविषाची लस मिळते, व श्वास थांबू लागल्यास यंत्राने चालविता येतो. तो तसा काही दिवस चालविला, तर निकामी टोके हळूहळू नवी होतात, व मेल्यासारखा पडलेला मनुष्य पुन्हा आपल्या मुलाला हाक मारतो.

प्रिय बंधुभगिनींनो, मंडळी ही ख्रिस्ताचे शरीर होय, असे प्रेषित पौलाने शिकविले आहे. मस्तकाची आज्ञा आपणांस ठाऊक असते. ती आपण रविवारी ऐकतो, मान डोलावितो, व कित्येकदा हात मात्र उचलत नाही. आज्ञा व हात ह्यांमध्ये कोठेतरी लहानशी फट राहते, व तेथेच भीती, लोकलज्जा किंवा वेतनाचा लोभ विषासारखा येऊन बसतो. गॅल्व्हानीपुढेही ती फट आली होती. विवेकाने त्यास जी आज्ञा केली ती त्याच्या हाताने मानली, व तो हात शपथेसाठी वर गेला नाही. आपल्या हातांनाही देव असे आज्ञाधारक करो.